पान त्रेसष्ट-चौसष्ट

मला सी प्रोग्रॅमिंग येत नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून कुणाचा गैरसमज व्हायचा की बाई मोठी तज्ज्ञ होती. मी ग्रंथपाल होते. नाशिकच्या एका तंत्रनिकेतनात एकोणतीस वर्षं काउंटरमागे बसले, शिक्के मारले, "हळू बोला" म्हणाले आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. दर जानेवारीत, पहिल्या वर्षाचं दुसरं सत्र सुरू झालं की, दहावीतून नुकतीच आलेली मुलं काउंटरवर वाकून एकच प्रश्न विचारायची, "मॅडम, सीला कोणतं पुस्तक चांगलं?"

या प्रश्नाचं उत्तर मी वर्षानुवर्षं ठणकावून दिलं. कसं दिलं, ते सांगते.

ग्रंथालयाच्या प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक चिठ्ठी चिकटवलेली असते. पुस्तक दिलं की तिच्यावर परतीच्या तारखेचा शिक्का बसतो. चिठ्ठी भरली की तिच्यावर दुसरी, मग तिसरी. मी पुस्तक उघडायचे ते शेवटून. चिठ्ठ्यांचा थर जाड असेल, कणा तीनदा चिकटवलेला असेल, कोपरे केळीच्या पानासारखे फाटलेले असतील, तर ते पुस्तक चांगलं. हजार मुलांनी नेलं म्हणजे त्यात काहीतरी असणारच! कोरंकरकरीत पुस्तक दिसलं की मी मनात म्हणायचे, याला कुणी विचारत नाही, तेव्हा मीही विचारणार नाही. आतला विषय न कळता पुस्तक निवडायची ही माझी युक्ती होती आणि तिचा मला चांगलाच अभिमान होता. नव्या सहायक मुलींनाही मी तीच शिकवली.

भारती आली तीही जानेवारीतच. सटाण्याकडची मुलगी, मराठी माध्यमाची, कॉलेजच्या वसतिगृहात राहणारी. दोन वेण्या, दप्तर पोटाशी धरलेलं. काउंटरवर आली आणि बोलेचना. मागच्या मुलाने ढकललं तेव्हा म्हणाली, "मॅडम, सी माले..." आणि जीभ चावली. "मला सी समजत नाहीये. सोपं पुस्तक आहे का?"

मी ऐटीत उठले. कपाटात एक बारीकसं गाइड होतं. नेमून दिलेले चाळीस प्रोग्रॅम, मागे सोडवलेल्या प्रश्नपत्रिका. त्याच्या चिठ्ठीवर चिठ्ठ्या इतक्या चढल्या होत्या की मागचा पुठ्ठा फुगला होता. "हे ने," मी म्हणाले. "यातून सगळे पास होतात." हे वाक्य मी शेकडो वेळा बोलले असेन. पण तिने ते वेदवाक्य मानलं, ही पंचाईत झाली.

पुढे जे झालं ते कळायला प्रोग्रॅम म्हणजे काय ते थोडं सांगायला हवं. मला सुभेदार काकांनी समजावलं तेवढंच सांगते. काका म्हणजे आमच्या संगणक प्रयोगशाळेचे मदतनीस. देवळाली कॅम्पात तोफखान्यात नव्या जवानांना शिकवण्यात त्यांची नोकरी गेली, आणि निवृत्तीनंतर ते आमच्याकडे आले. ते म्हणायचे, प्रोग्रॅम म्हणजे यंत्राला लिहून दिलेली कृती. यंत्राला अक्कल नसते. जे भांडं वापरायचं, ते आधी नाव घालून ओट्यावर काढून ठेवावं लागतं. न काढलेल्या भांड्यात साखर घाल म्हटलं, की यंत्र तिथेच अडून बसतं.

भारतीने चाळीसच्या चाळीस प्रोग्रॅम पाठ केले. पाठ म्हणजे अक्षरशः पाठ, पाढ्यांसारखे. प्रयोगशाळेत तीन जणींत एक संगणक, कीबोर्ड जिला पटापट येतो तिच्या हातात. भारती मागे उभी राहायची. जर्नल, म्हणजे प्रात्यक्षिकांची वही, मागच्या वर्षीच्या मुलींच्या जर्नलवरून उतरवलं जायचं, त्यावर सही व्हायची. यात तिचं एकटीचं काही वेगळं नव्हतं. निम्मा वर्ग असाच शिकायचा, पास व्हायचा, आणि मग म्हणायचा की मॅडमचं गाइड भारी आहे.

मे महिन्यात प्रात्यक्षिक परीक्षा झाली. चिठ्ठी उचलायची, जो प्रोग्रॅम येईल तो लिहायचा, यंत्रावर चालवून दाखवायचा. तिचा चालला नाही, आणि आपण नापास होणार हे तिला तिथेच कळलं. दुसऱ्या दिवशी पुस्तक परत करायला आली, तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. मी विचारलं, आणि तिने अगदी हळू सांगितलं.

"चिठ्ठी सोपी होती मॅडम. संख्या उलटी करायची. एकशे तेवीसचे तीनशे एकवीस. पूर्ण पाठ होता. लिहिला. चाललाच नाही. बाहेरून आलेले परीक्षक सर आले, म्हणाले, हा 'काउंट' कुठून आला?"

"मग?"

"मी म्हटलं, सर, पुस्तकात आहे. सगळे हसले."

पुस्तक ठेवून ती गेली. मी सवयीने जमा झाल्याचा शिक्का मारला आणि ते परतीच्या गठ्ठ्यावर टाकणार, एवढ्यात मधून बसच्या तिकिटाचं टोक दिसलं. मुलं खुणेला काहीही ठेवतात. ते काढायला म्हणून मी पुस्तक उघडलं. डावीकडे पान बासष्ट. उजवीकडे पान पासष्ट.

मी परत बघितलं. मधलं पान नव्हतं. कण्यापाशी कागदाचा एक चिंचोळा दातेरी काठ तेवढा उरला होता. बासष्टवर 'संख्या उलटी करा' हा प्रोग्रॅम सुरू होत होता, आणि पासष्टच्या माथ्यावर भलत्याच प्रोग्रॅमचं शेपूट होतं, दिलेली संख्या मूळ संख्या आहे का ते सांगणाऱ्या. त्या शेपटात 'काउंट' नावाचं भांडं होतं, जे या कृतीत ओट्यावर काढलेलंच नव्हतं. पोरीने अर्धी कृती पुरणपोळीची आणि अर्धी लोणच्याची, एक पदार्थ समजून पाठ केली होती. एकही अक्षर न चुकता.

परत आलेल्या पुस्तकाची पानं चाळून बघायची, फाटलं असेल तर बाजूला काढायचं, हा आमच्या धंद्याचा पहिला धडा. आणि जे पुस्तक सर्वात जास्त फिरतं, त्याचीच पानं सर्वात आधी जाणार, हे शेंबड्या पोरालाही कळेल. मी मात्र त्याच फाटकेपणाला प्रमाणपत्र समजत होते. ते पान कधी गेलं, किती मुलांच्या हातून ते पुस्तक तसंच गेलं, देव जाणे. मी ते पुस्तक ड्रॉवरमध्ये सर्वात खाली घातलं आणि कुलूप लावलं. कुणालाही काही बोलले नाही.

घरी मात्र राहवलं नाही. आमच्या ह्यांची सगळी नोकरी नाशिक रोडला नोटा छापणाऱ्या प्रेसमध्ये, छापून आलेले कागद तपासण्यात गेली. डाग, तिरपी छपाई, एखादा अंक पुसट, असं काही दिसलं की तो कागद बाजूला. मी जेवताना सगळं सांगितलं. त्यांनी घास थांबवला आणि अगदी साधेपणाने विचारलं, "म्हणजे तू न तपासताच शिक्का मारायचीस?" वाद घालायचा त्यांचा हेतू नव्हता. तरी मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

जुलैत कॉलेज उघडलं आणि भारती वडिलांना घेऊन आली. हा माणूस सटाण्याहून नाशिकला कांद्याचा टेम्पो चालवायचा. चपला दाराबाहेर काढून आत आला. मी म्हणाले, अहो, घाला चपला. त्यांनी ऐकलं नाही. काउंटरपाशी येऊन हात जोडले. भारती शेजारी मान खाली घालून उभी.

"मॅडम, एक इचारू? पोरनं डोकं चालत नही का? खरं सांगा माले. तुम्ही पुस्तकंवाल्या बाई शेतस, तुम्हले समजस."

मी म्हणाले, "डोकं उत्तम आहे तिचं."

"मंग नापास कशी व्हयनी? रातदिन पाठ करे, असं तिन्या मैत्रिणी सांगतस." त्यांनी भारतीकडे बघितलं. "दिवाळीनंतर परत परीक्षा शे. तवय विषय सुटना तं ठीक. नही तं मी तिले घर लई जास. तिना मामानी एक स्थळ आणेल शे. मी नही म्हणी ऱ्हायनू, पण किती दिन म्हणू?"

आता बोलायची वेळ होती. ड्रॉवरची किल्ली माझ्या कमरेला होती. दोन वाक्यं बोलायची होती: भाऊ, पुस्तकात पान नव्हतं, ते मी तपासलं नाही. ती मी बोलले नाही. मनात म्हटलं, मुलगी आधीच बिचकलेली आहे, आता पुस्तकांवरचा विश्वासही उडायचा. ही सगळी सारवासारव होती. खरं म्हणजे मी घाबरले होते. निवृत्तीला थोडे महिने उरले होते, प्राचार्यांच्या कानावर जाईल, एकोणतीस वर्षांच्या नावाला डाग लागेल, याची मला भीती वाटली. म्हणून मी एवढंच म्हणाले, "पुस्तक बदलायला हवं तिचं."

"मंग बदला ना मॅडम," ते म्हणाले. जणू कुणी हे आधीच का केलं नाही, एवढंच त्यांना कोडं पडलं होतं.

जाताना भारतीने एकदा माझ्याकडे बघितलं. त्या नजरेचा अर्थ मी तेव्हा लावला तो असा, की ही आता माझ्या भरवशावर आहे.

तिथून पुढचे चार-पाच महिने मला धड झोप लागली नाही, की जेवण गोड लागलं नाही. पहिलं म्हणजे मी परत येणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची सगळी पानं मोजायला लागले. रांग दारापर्यंत गेली. मुलं कुरकुरली, सहायक मुली माझ्याकडे चमत्कारिक नजरेने बघायला लागल्या. एकीने तर विचारलं, मॅडम, तब्येत बरी आहे ना? दुसरं म्हणजे, चांगलं पुस्तक शोधायचं. पण कसं? माझी एकमेव युक्ती तर मातीत गेली होती.

सुभेदार काकांना मी खरं कारण सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "काका, मला सी शिकायचंय. अगदी नवख्या माणसाला कोणतं पुस्तक कळतं, ते स्वतःवर बघायचंय." ते हसले नाहीत. दुपारच्या सुट्टीत त्यांनी मला कोपऱ्यातला संगणक उघडून दिला.

पहिल्याच दिवशी पाच ओळींचा प्रोग्रॅम लिहिला, तर यंत्राने सात चुका दाखवल्या. मी खुर्ची मागे सरकवून उभीच राहिले. काका म्हणाले, "बसा, बसा. चूक एकच आहे. एका ओळीच्या शेवटी अर्धविरामाची खूण राहिली, म्हणून ते पुढचं सगळं उलटं समजतंय." आणि मग म्हणाले, "मॅडम, तोफेवर नवीन पोरगा आला ना, की आम्ही त्याला गोळा देत नव्हतो. नुसती ड्रिल. आणि मी मुद्दाम काहीतरी चुकीचं करून ठेवायचो. बघायचं, ओळखतो का. ज्याने चूक कधी बघितलीच नाही, तो चूक झाल्यावर पळतो."

भारती परीक्षेत का थिजली असेल, ते मला त्या खुर्चीवर कळलं. तिने पुस्तकात चूक कधी बघितलीच नव्हती. आम्ही मुलांना देतो ती सगळी पुस्तकं बरोबर उत्तरांची असतात.

मग मी कपाटातलं एकेक पुस्तक घेऊन बसले. वर्गात सांगितलं जाणारं जाडजूड इंग्रजी पुस्तक विद्वत्तेने ओतप्रोत भरलेलं होतं, पण तिसाव्या पानापर्यंत मी मनात किराण्याची यादी करत होते. एक पुस्तक काही दिवसांतच सी शिकवण्याची हमी देत होतं. त्यातल्या तिसऱ्या दिवशी मी जिथे पोचले, तिथून परत यायला आठवडा लागला. मोबाइलवरचे व्हिडिओ पाहिले. एक सर पहिली बारा मिनिटं चॅनेलला जोडून घ्यायची विनंती करतात आणि मग आधीच लिहून ठेवलेला प्रोग्रॅम नुसता वाचून दाखवतात. मुलांच्या ग्रुपवर फिरणारी एक पीडीएफ होती, आडवी स्कॅन केलेली, निम्म्या पानांवर कुणाचा तरी अंगठा. तिच्यातलीही पानं मी मोजली. अकरा कमी होती.

एका मुलाने मला मोबाइलवरचा तो एआयचा सर्वज्ञ चॅट दाखवला. प्रश्न टाकला, पापणी लवायच्या आत अख्खा प्रोग्रॅम हजर. चालवला, चाललाही. तो खूश आणि मला धडकी भरली. पान न फाटणारं गाइड तेवढं मिळालं होतं. बाकी पाठ करायचं ते करायचंच.

शेवटी जे सापडलं ते अगदी खालच्या फळीवर, धुळीत. एका निवृत्त शिक्षकाने कधीकाळी स्वखर्चाने छापलेलं, मराठीतलं, शंभरेक पानांचं पुस्तक. मागच्या चिठ्ठीवर एकच शिक्का. माझ्या जुन्या हिशेबाने अगदी टाकाऊ. उघडलं, तर प्रत्येक प्रोग्रॅमखाली लिहिलेलं, आता ही ओळ बदला. काय होईल ते आधी कागदावर लिहा, मग चालवून बघा. काही ठिकाणी तर मुद्दाम चुकीचा प्रोग्रॅम देऊन खाली फक्त एवढंच, हा का चालत नाही? मी तिथेच फरशीवर बसून अकरा पानं वाचली. आणि मला ती कळली.

आनंद झाला म्हणता, तर तो जेमतेम तासभर टिकला. विषय शिकवणाऱ्या सरांना दाखवलं, तर ते म्हणाले, "मॅडम, मराठीत? परीक्षा इंग्रजीत असते. आणि हे जुन्या कंपायलरसाठी आहे, सुरुवातीच्या ओळी आता चालायच्या नाहीत." कंपायलर म्हणजे आपण लिहिलेलं यंत्राच्या भाषेत करून देणारा दुभाषा. तो बदलला की थोडं लिहिणंही बदलतं. पुन्हा एकदा मी हिला चुकीचं पुस्तक देणार होते का? सरांच्या मागे लागून मी त्या ओळी पेन्सिलीने दुरुस्त करून घेतल्या. प्रत्येक प्रोग्रॅम काकांसमोर चालवून बघितला. पानं दोनदा मोजली. मग ह्यांना मोजायला सांगितली. त्यांनी चष्मा चढवून, एकेक पान उजेडाकडे धरून मोजली आणि म्हणाले, "पास."

भारतीला मी चार गोष्टी दिल्या. ते पुस्तक. ग्रामीण भागातल्या एका शिक्षिकेचे व्हिडिओ, ज्यांत ती बाई प्रोग्रॅम सावकाश टाइप करते, चुकते, स्वतःच "अरेच्चा" म्हणते आणि चूक तशीच दाखवून मग शोधते. मोबाइलवर प्रोग्रॅम चालवायचं एक फुकट ॲप, कारण तिच्याकडे संगणक नव्हता. आणि एक कोरी वही, प्रत्येक भांड्यात प्रत्येक पायरीला काय आहे, ते चौकटी आखून लिहायला. मोबाइलवरच्या चॅटला काही विचारायचं असेल, तर उत्तर मागायचं नाही, माझी चूक कोणत्या ओळीत आहे तेवढंच विचारायचं, असं तिला बजावलं.

तिने पुस्तक हातात घेतलं आणि आधी काय केलं असेल? शांतपणे पानांचे आकडे बघितले, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मला वाटलं, माझंच बघून शिकली असेल. सगळं कॉलेज तेव्हा माझ्या पानं मोजण्यावर हसत होतं.

ती रोज दुपारी ग्रंथालयात मागच्या बाकावर बसायची. कधी वही भराभर भरायची. कधी अर्धा अर्धा तास एकाच चौकटीकडे बघत राहायची, आणि तिकडे माझा जीव वरखाली व्हायचा. एकदा मी जवळ गेले, तर ती ओठ चावून म्हणाली, "मॅडम, चालत नाहीये. पण कुठे चालत नाहीये ते कळलंय." मला त्या वाक्याने फार बरं वाटलं, आणि लगेच वाटलं, दिवाळी तोंडावर आली, एवढ्यावर भागेल का? तीन वेळा मी तिला ड्रॉवरमधल्या पुस्तकाबद्दल सांगायला उठले. एकदा फोन वाजला. दोनदा काहीही वाजलं नाही. मीच परत बसले.

दिवाळीनंतर परीक्षेचा दिवस आला. प्रयोगशाळेकडे माझं काहीही काम नसताना मी हातात चार पुस्तकं घेऊन तिच्या दारावरून पाच वेळा गेले. दाराच्या काचेतून भारतीची फक्त पाठ दिसत होती. पहिल्या फेरीत ती लिहीत होती. दुसऱ्या फेरीत परीक्षक तिच्याजवळ उभे होते, पडद्यावर बोट ठेवून काहीतरी म्हणत होते. तिसऱ्या फेरीला तिने हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवले होते. ती थिजली, असंच मला वाटलं. मी जिन्यात जाऊन कठडा धरून उभी राहिले. टेम्पोवाले वडील, मामाने आणलेलं स्थळ, माझा ड्रॉवर, सगळं डोळ्यांपुढे फिरायला लागलं.

थोड्या वेळाने काका पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर आले. "काय झालं?" मी विचारलं.

"चिठ्ठी परत संख्या उलटी करायचीच आली. तो चालला, मग साहेबांनी प्रश्न बदलला. म्हणाले, आता हाच प्रोग्रॅम संख्या उलटी करण्याऐवजी आकड्यांची बेरीज करेल असा कर. चालला नाही पहिल्यांदा."

"मग?"

"मग काय. कागद मागितला तिने. चौकटी आखत बसलीय." आणि पाण्याचा जग घेऊन ते आत गेले. पुढे काय झालं ते सांगायला बाहेर आले नाहीत. परीक्षा संपल्यावर भारती मैत्रिणींच्या घोळक्यात निघून गेली, मला भेटली नाही. निकालाला दीड महिना होता. तो मी कसा काढला, ते ह्यांना विचारा.

निकाल लागला त्या दिवशी सकाळी ग्रंथालय उघडायला गेले, तर ती पायरीवर बसलेली. मला बघून उठली. "विषय सुटला," म्हणाली.

मी तिला जवळ घेतलं आणि चक्क रडले. ती बिचारी माझ्या पाठीवर थोपटत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, ते जुनं गाइड द्या ना. पहिलं. थोडा वेळच पाहिजे."

नाही म्हणायला काही कारण सुचेना. ड्रॉवर उघडून दिलं. ती नेहमीच्या बाकावर गेली, दप्तरातून एक दुमडलेला कागद काढला, डिंकाची बाटली काढली. तासाभराने पुस्तक काउंटरवर आणून ठेवलं. बासष्ट आणि पासष्टच्या मध्ये त्या दातेरी काठाला एक नवं पान नीट चिकटवलेलं होतं. एका बाजूला संख्या उलटी करायचा प्रोग्रॅम पूर्ण केलेला, दुसऱ्या बाजूला मूळ संख्येचा सुरुवातीपासून लिहिलेला. वर कोपऱ्यांत त्रेसष्ट आणि चौसष्ट. आणि खाली बारीक अक्षरात: चालवून बघितलं आहे.

मी म्हणाले, "भारती, तुला हे कधी कळलं?"

"मे महिन्यात, परीक्षेच्याच दिवशी. संध्याकाळी रूमवर जाऊन बघितलं. तिकीट घालून ठेवलं होतं."

म्हणजे पुस्तक परत केलं तेव्हा तिला माहीत होतं. वडिलांबरोबर आली तेव्हाही माहीत होतं. त्यांनी पोरीचं डोकं चालत नाही का म्हणून विचारलं, तेव्हा काउंटरच्या त्या बाजूला ती गप्प होती आणि या बाजूला मी.

"अगं, मग बोलली का नाहीस? माझी चूक होती ती. माझी एकटीची."

तिने दप्तराचा पट्टा बोटाला गुंडाळला. "तुम्ही घाबरल्या असत्या मॅडम. मग मला दुसरं पुस्तक कुणी शोधून दिलं असतं?"

वय वर्षं सतरा. मी तिच्या वडिलांचा नंबर मागितला. ती म्हणाली, "कशाला मॅडम, आता झालं ना." मी म्हणाले, "दे." काउंटरवरच्या फोनवरूनच लावला. मागे टेम्पोचा आवाज होता, त्यांनी तो बाजूला घेऊन थांबवला. मी सांगितलं, पुस्तकात पान नव्हतं, तपासायचं काम माझं होतं, मी ते केलं नाही, आणि जुलैत तुम्ही विचारलंत तेव्हा सांगितलंही नाही. पोरीचं डोकं तेव्हाही चालत होतं.

मला वाटलं, आता रागावतील, आणि रागावले असते तर बरं झालं असतं.

"जाऊ द्या मॅडम," ते म्हणाले. "पोर पास व्हयनी. पण तवय नं, जुलैमा, मी तिले घर घेई गऊ दोन दिनसाठे. नाशिकपासून सटाण्यापर्यंत रस्ताभर तिले बोलत ऱ्हायनू. तुनं डोकंच नही, तुनं डोकंच नही. ती एक शबद बोलनी नही."

फोन ठेवला तेव्हा मला समोर बघवेना. भारती काउंटरवर वाकून ते चिकटवलेलं पान अंगठ्याने काठाकाठाने दाबत होती. डिंक अजून ओला होता.